अडीचशे मिलिलिटर

बीकरमध्ये माझी गाळणी उत्तम चालायची.
अडीचशे मिलिलिटर लालभडक पाणी वरून ओतायचं,
खाली थेंब थेंब नितळ.
परीक्षकांसमोर एकदा मी ते घोटभर प्यायलेसुद्धा.
टाळ्या पडल्या. निबंध छापून आला, मग बढती,
आणि गाळणी कपाटात.

नऊ वर्षं.
दर मार्चला हिशेबनीस नंबर ताडायला यायचे,
फुंकर मारायचे,
वहीत लिहायचे : वस्तू एक, स्थिती चांगली.
कुणाच्या पैशाची वस्तू, ते त्या वहीत नव्हतं.
काडेपेटी घेताना, साबण घेताना
कुणीतरी दमडी-दमडी भरली होती तिच्यासाठी
आणि त्याला पत्ता नव्हता.

भिंतीअलीकडे आमचे कडुनिंब, ग्रंथालय,
साडेपाचची बस, दांडिया बाजारापर्यंत.
पलीकडे मकरपुरा. लेथचा आवाज
दुपारच्या चर्चासत्रात यायचा,
तेव्हा आम्ही खिडक्या लावून घ्यायचो.

मग वरून आदेश आला. विज्ञान संकुल झालं.
फीत कापली, पेढे वाटले,
आणि खरं सांगायचं तर फक्त एवढंच घडलं
की भिंतीत एक दार पाडलं.

त्या दारातून पहिले आले जशुभाई पंचाल,
पंपाची सीलं बनवणारे. शिक्षण नववी.
गाळणी त्यांनी माठ घेतात तशी टिचकी मारून ऐकली.
मी म्हटलं, शेकडा अठ्ठ्याण्णव रंग अडवते.
"ते बरोबर, बेन. पण दिवाळीपर्यंत टिकेल?"

माझ्या निबंधात टक्के होते,
आलेख होते, एकशे चार संदर्भ होते.
दिवाळी नव्हती.

नंदेसरीला दोन हजार लिटरच्या टाकीत उतरवली
ती तिसऱ्या दिवशी तडकली.
दुसरी पाचव्या. तिसरी तर रात्रीच,
आणि मालक फोनवर काय बोलले ते इथे लिहीत नाही.
मी सूक्ष्मदर्शकाखाली छिद्रं मोजत बसले,
माती बदलली, भट्टीचं तापमान बदललं.
जशुभाई फुटक्या तुकड्यांच्या कडेवरून
नुसता अंगठा फिरवत राहिले.

"मधे काही दुखत नाही हिला.
कडेला आवळलीय फार. पाणी गरम येतं,
ही फुगते. फुगायला जागा द्या थोडी."

दुसऱ्या दिवशी घरच्या कुकरची रिंग घेऊन आले.
(त्यांच्याकडे त्या दिवशी डाळ उशिरा शिजली,
हे मला नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं.)
रिंग कापली, जोडली, कडेला बसवली.

नवरात्र गेलं. कोजागरी गेली.
धनत्रयोदशीला मी टाकीपाशी उभी होते.
या वेळी पाणी प्यायले नाही, धीर झाला नाही.
जशुभाईंनी नळाखाली हात धरले,
चोळून चोळून धुतले. ग्रीस काही गेलं नाही.
पाणी नाकाशी नेलं.
"पिण्याचं माहीत नाही. हात धुण्याइतकं झालंय."

आता करारनामा चालू आहे. सतरा पानं.
संशोधकाचे नाव, पदवी, पदनाम.
त्यांचं नाव लिहायला रकानाच नाही,
म्हणून मी समासात लिहिलं : पंचाल, जशुभाई मगनलाल.
कागद परत आला. शेरा लाल शाईत :
समासात लिहू नये.
पुन्हा लिहिलं. पुन्हा आला.
चौथ्या वेळी साहेब स्वतः म्हणाले, बाई,
रिंगेचे पैसे देऊन टाका ना त्यांना.

बस केव्हाच गेली.
दार उघडंच आहे, लेथ ऐकू येते.
पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसले आहे,
रकान्याची उभी रेघ खोडते आहे,
कडेकडे सरकवते आहे,
थोडी.