पीळ

या पठारावर, चुबूतमध्ये, झाड ही ऐकीव गोष्ट.
लेंगाची फळी डोंगरापलीकडून आली,
तीन दिवस ट्रकच्या टपावर.
एउफेमिया वेनेलाफनं ती आधी हुंगली,
मग बोटानं वाजवली.
"गाठ नाही. चालेल."

आधीची पाती तिच्या दिराची, फेर्मीनची:
रुंद, सपाट, फावड्यासारखी.
साध्या झुळकीला फिरायची,
बघणाऱ्याला बरं वाटायचं.
खरा वारा सुटला की नुसती घरघर,
कुत्रं खाटेखाली,
बॅटरी रिकामी, रेडिओ मुका.
"अडवत होती ती वाऱ्याला," एउफेमिया म्हणते.
"त्याला जाऊ द्यावं,
जाता जाता थोडं मागून घ्यावं."

मी फळी धरते, ती रंधा ओढते.
बुंध्याशी पातं चांगलं तिरकं,
मग वीतभर पुढे जरा कमी,
टोकाशी जवळजवळ निजलेलं.
असा पीळ का, मी विचारते.
"घोडा उभा असताना वारा कानावर लागतो.
तोच घोडा उधळला की?"
तोंडावर.
"बुंधा रमतगमत फिरतो. टोक उधळलेलं असतं."
एवढंच सांगून ती भुसा फुंकते.

पुढची कड गोल, कोकराच्या नाकाडासारखी,
तिच्यावर तांब्याची पट्टी, रेती खाते म्हणून.
मागची कड वहीच्या पुठ्ठ्याइतकी,
तिथं तिनं मला हात लावू दिला नाही.

पिठाच्या काट्यावर तिसरं पातं जड भरलं,
चमचाभर साखरेनं.
जड पात्याला तिनं काही केलं नाही.
हलक्या दोघांच्या बुंध्यात भोक पाडून
बंदुकीच्या गोळीचं शिसं ओतलं.

चढवली त्या दुपारी झुळूक होती.
पाती हलेनात.
फेर्मीन कुंपणाला टेकून हसला,
माते चोखत, बराच वेळ.
एउफेमियानं मेंढ्या आत घेतल्या.

रात्री मला जाग आली ती आवाजानं नाही.
छपराचा पत्रा थडथडत होता,
वर खांबावर मात्र फक्त श्वास,
आणि कुत्रं दारात पसरलेलं.
मीटरचा काटा मी पहिल्यांदाच
उजवीकडे झुकलेला पाहिला.

पहाटे रेडिओवर रानातल्या घरांचे निरोप:
कुरिन्यांको कुटुंबाला, काका शुक्रवारी येतोय,
घोडा घेऊन फाट्यावर थांबा.
दोरालिसाला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.
कुणाच्या तरी हरवलेल्या खेचराचं वर्णन.
आमच्या नावाचं काहीच नव्हतं.
एउफेमियानं शेवटपर्यंत ऐकलं,
चुलीवरचं पाणी उकळून आटेपर्यंत.