तुत्ती

नीवेसबाईंच्या घरात सहा खोल्या,
पाच भाडेकरू आणि एकच वायफाय.
राउटर जिन्याखाली, छत्र्यांच्या शेजारी.
बोरा वारा सुटला की दार थडथडतं
आणि राउटरचा हिरवा दिवा
आपलंच काही चुकल्यासारखा लुकलुकतो.

त्या दिवशी स्वयंपाकघरात, कॉफी पिता पिता,
अक्राहून आलेला क्वाबेना सहज बोलून गेला,
"दार्कोंना मिशी छान दिसायची."
बाईंचा चमचा बशीवरच थांबला.
दार्को गेले तेव्हा
क्वाबेनानं त्रिएस्ते नकाशातही पाहिलं नव्हतं.

मला बोलावणं आलं. मी माळ्यावरचा,
भाडं उशिरा देणारा, पण संगणकातलं कळणारा.
नवऱ्याच्या जुन्या मशीनवर एक फोल्डर, 'दार्को'.
कधीतरी भाच्यानं ते सगळ्या घराला खुलं करून ठेवलेलं,
बाईंना बैठकीतल्या टीव्हीवर फोटो दिसावेत म्हणून.
टीव्ही मोडला, भंगारात गेला.
फोल्डर खुलंच राहिलं.

मी परवानग्यांची यादी काढली.
तिच्यात एकच नाव: तुत्ती.
म्हणजे सगळे.
बाईंनी चष्मा सरसावला.
"या भाडेकरूला मी कधी खोली दिली?"
आणि स्वतःच हसल्या, अर्धवट.
"काढ त्याला."

काढला. पासवर्डशिवाय कुणाला प्रवेश नाही, अशी खूण केली.
वाचायची परवानगी वेगळी, बदलायची वेगळी,
हे समजावून सांगायला फोल्डर उघडलं
तशा त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

फोटो सरळ होते.

"हे आडवे होते," त्या म्हणाल्या. "झाडून सगळे.
दार्को कॅमेराच असा धरायचा.
नऊ वर्षं मी मान वाकडी करून बघतेय."
कुणीतरी एकेक फोटो उभा करून ठेवला होता.
दोनशे चौदा.
बदलाच्या वेळा पाहिल्या:
रात्रीचे दोन, अडीच, पावणेतीन,
अख्खा फेब्रुवारी.

त्या वेळी घरात जागी असते ती एकटी झुलहुमोर,
ताश्कंदची, गणितातली,
जिच्या दाराखाली पहाटेपर्यंत उजेडाची पट्टी असते
आणि जी जेवताना मीठ मागायलाही लाजते.
मी बोललो नाही. बाईही नाही.

मग म्हणाल्या, "तिकडे तोंड कर."
मी खिडकीकडे वळलो. खाली बंदर, एक थांबलेली क्रेन.
पाठीमागे कळा वाजत होत्या, सावकाश, एका बोटानं.
अकरा मोजल्या. मग काहीतरी पुसलं, पुन्हा एक.
घराची चावी दारामागच्या खिळ्याला
कुणीही घ्यावी अशी टांगणारी ही बाई,
आणि मला मागे वळू देईना.

"आता आणखी एक नाव घालायचंय," त्या म्हणाल्या.
"वाचायचं?"
"बदलायचंही."
ते नावसुद्धा त्यांनीच टाइप केलं.
मी क्रेन बघत राहिलो.

माझं एक सांगायचं राहिलं.
फोटोंचं मला काही नव्हतं.
मला हवं असायचं ते त्याच फोल्डरातलं रेकॉर्डिंग:
दार्को रोज सकाळी धक्क्यावरून बोलायचे,
वाऱ्याचा वेग, आत आलेली जहाजं,
त्यांच्या घरच्या स्लोव्हेनीत,
ज्यातलं मला अवाक्षर कळत नाही,
आणि शेवटी खोकला.
ते ऐकत मला झोप लागायची.

त्या रात्री सवयीनं क्लिक केलं.
एक पांढरा चौकोन पुढे आला. नाव? पासवर्ड?
बोरा घालून पाहिलं. नीवेस घातलं.
भिंतीवरच्या फोटोतल्या बोटीचं नाव घातलं.
कुलूप मीच बसवलं होतं.
चांगलं बसवलं होतं.

अंधारात पडून राहिलो.
वारा. जिना. छत्र्यांची खडखड.
मग केव्हातरी, खालच्या खोलीतून,
फळ्यांच्या फटीतून वर,
पुरुषी आवाजात काही आकडे,
एका जहाजाचं नाव,
खोकला.