आठवी ब, चौथा तास

फळ्यावर शब्द लिहायला घेतला, मावेना,
म्हणून शेपूट खालच्या ओळीत उतरवलं:
अनूतनीकरण-
क्षम.
जे एकदा जळलं की पुन्हा येत नाही.
आपल्या हयातीत नाही, नातवंडांच्याही नाही.
घ्या लिहून.

चाळीस माना खाली.
खिडकीत दीपनगरची चिमणी,
फळ्याच्या उजव्या कडेला चिकटल्यासारखी.
आकृती काढा, असं या वर्गाला सांगावं लागत नाही.
बालवाडीपासून यांच्या चित्रांत
सूर्य दोन डोंगरांमधून उगवतच नाही,
तो चिमणीच्या आडून येतो, जरा उशिरा.

मग कोळसा कसा झाला ते सांगितलं.
दलदल, झाडं, गाळ, वरून दाब,
तीस कोटी वर्षं.
आणि हिशेब दिला, कारण हिशेबाने ही मुलं जागी होतात:
अठ्ठावन्न वाघिणींची एक मालगाडी,
भुसावळच्या यार्डात आपलं फाटक अडवून धरते ना, तीच,
एका मोठ्या संचाला जेमतेम अर्धा दिवस पुरते.
दिव्यानी वारकेने दप्तरातून बापाच्या दुकानाचं कॅल्क्युलेटर काढलं,
तीस कोटी दाबलं,
म्हणाली, सर, शेवटचं शून्य बसत नाही.

तोटे.
हे पाच मार्कांना येतात.
भाविका सपकाळे उठली नाही,
बसल्या जागी खिडकीच्या गजावरून बोट फिरवलं
आणि बोट वर केलं.
मी लिहिलं: एक.
रेहान तडवी म्हणाला, केळीच्या पानावर बोटाने नाव लिहिता येतं,
पाणी पडेपर्यंत राहतं.
व्यापारी पान बघतो, मग घड बघतो, मग भाव सांगतो.
दोन.
मागच्या बाकावरून कुणीतरी:
उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं ना सर,
की सकाळी उशीवर फक्त डोक्याएवढी जागा पांढरी असते.
यावर सगळे बोलू लागले एकदम,
कुणाच्या उशीवर किती, कुणाच्या आजोबांच्या खोकल्यात किती,
जणू जत्रेत काय काय पाहिलं ते सांगत होते.
तीन लिहून मी खडू खाली ठेवला.

तेव्हा लोकेश भंगाळेचा हात वर.
"सर, मंग माहे पप्पा नूतनीकरणक्षम हायेत का?"
वर्ग हसला.
तो नाही.
"कोळशाच्या पट्ट्यावर हायेत ते.
त्याहिच्या कंत्राटाचं दर अकरा महिन्याले नूतनीकरण होते.
ह्या टायमाले नाही झालं.
जुना संच बंद केला म्हनतात."

माझे वडीलही त्याच पट्ट्यावर. कायम होते, एवढाच फरक.
बी.एड.ची फी तिथून आली, हा शर्टही.
त्यांचा रुमाल धुतला की आई
पहिलं पाणी तुळशीला घालत नसे,
मोरीत सोडायची, मागे वळून न बघता.
हे मी वर्गात कधी सांगितलेलं नाही.
आजही नाही सांगितलं.

"मुद्दा चार लिहू का सर?" त्याने विचारलं.
मी पुस्तक चाळलं, उगाच.
तिथे चिमणीचं रंगीत चित्र,
चित्रात माणूस नाही.
लिही, म्हटलं. पण पेन्सिलने.

एवढ्यात लाइट गेली. पंखा दोन फेऱ्या मारून थांबला.
चिमणीच्या सावलीतल्या शाळेत लाइट जाते
याचं आता कुणालाच नवल नाही.
पोरांनी वह्यांचे पुठ्ठे हलवायला सुरुवात केली,
गज पुसले गेले होते, तेवढा वारा नव्हता.

शुक्रवारी वह्या तपासल्या.
एक, दोन, तीन, सगळ्यांचे सारखे.
लोकेशच्या पानावर, पेन्सिलने, जरा खोडून पुन्हा:
४. पप्पा दिवसभर घरी असतात.

लाल पेन बराच वेळ हातात धरून बसलो.
शुद्धलेखन बरोबर होतं.