पुढच्या कप्प्यातलं पाणी

डबा काचेचा, वीतभर लांब.
मधोमध रबराचा पडदा, पडद्याला भोक,
भोकात मासा हलकेच अडकवलेला,
डोकं पुढच्या कप्प्यात, धड मागच्या.
"सांग सिलान्तोई," अपोंडी मॅडम म्हणाल्या,
"घाण कुठल्या कप्प्यात सापडेल?"

मी हसले. गुरांत वाढलेल्या मुलीला
हे काय विचारायचं!
मागच्या, म्हटलं. शेपटीकडच्या.

चुकले.

मासा ज्या दाराने श्वास घेतो
त्याच दाराने केर काढतो.
कल्ल्यांच्या लाल झालरीतून प्राणवायू आत,
अमोनिया बाहेर,
उंबऱ्यावर दोघांची गाठ पडते, बोलणं होत नाही.
ना आडोसा शोधायचा, ना थांबायचं.
बाहेरचं पाणी जरा आंबटाकडे झुकलेलं असलं
की विष आपणहून निघून जातं
आणि परत घराकडे वळत नाही.

अमोनिया माझ्या ओळखीचा.
पहाटे वासरांच्या काटेरी कुंपणात शिरलं की
डोळ्यांना झोंबायचा, तोच.
आई म्हणायची, हा वास आहे तोवर आपण आहोत.

पण मागाडीचं तळं आंबट नाही.
पांढरं, कडेला गुलाबी, पायाखाली करकरणारं.
इथला चिमूटभर सोडा टाकला की
हट्टी राजमासुद्धा मऊ पडतो,
आणि खडा जिभेवर ठेवलात तर जिभेची साल निघते.
झऱ्याच्या तोंडाशी पाणी हातात धरवत नाही.
त्यात हे बोटभर मासे
शेवाळ खरवडत, बगळ्यांना चुकवत.

या पाण्यात अमोनिया दारापर्यंत येतो
आणि तिथेच खोळंबतो.
बाहेर त्याला कुणी घेत नाही.
मंगळवारी मॅडमनी नैरोबीहून आणलेला
गोड्या पाण्यातला मासा याच पाण्यात सोडला.
चांगला धडधाकट.
थोड्या वेळाने वाकडा पोहू लागला,
मग पोहेनासा झाला.
वहीत वेळ मी लिहिली. चार वाजून दहा.

आमचा मासा मरत नाही.
तो विष आतल्या आतच शिजवतो,
यकृतात, अगदी मांसातसुद्धा,
कमावलेल्यातलं बरंच त्यावर मोडतो
आणि त्याचा युरिया करतो.
हो, तोच. खताच्या पोत्यातला.
मग त्याच दाराने, श्वासासोबत, बिनबोभाट.

"महागात पडतं त्याला," मॅडम म्हणाल्या.
मग जात का नाही दुसरीकडे?
त्यांनी नुसतं खिडकीबाहेर बोट दाखवलं.
नजर पोचेल तिथवर सोडा.

माझा भाऊ मेइतामेइ सोड्याच्या कारखान्यात रात्रपाळीला.
दोन दुष्काळांआधी आमच्या बेचाळीस गाई होत्या.
शेवटची त्यानेच ओढत नेऊन टाकली
आणि घरी येऊन विचारलं, चहा आहे का.
त्यानंतर गाईंबद्दल एक अक्षर नाही.
येतो, भुवयांवर पांढरी भुकटी,
जेवतो, धाकटीच्या फीचे पैसे
साखरेच्या डब्याखाली सरकवतो.
मी विचारत नाही.
हल्ली तो झोपला की
त्याचा श्वास ऐकत बसते, एवढंच.

काल रात्री दोनचा नमुना माझ्याकडे होता.
दोन्ही कप्प्यांतलं पाणी नळ्यांत घेतलं,
थेंब टाकले, तापवलं.
मागचं जेमतेम रंगलं.
पुढचं गुलाबी होत गेलं, गडद,
तळ्याच्या कडेसारखं.

उजाडता उजाडता माशाला बादलीत घालून निघाले.
वाटेत पाळी सुटलेला मेइतामेइ भेटला.
डोकावला. "एवढासाच?" म्हणाला.
मग थोडा वेळ तसाच वाकून राहिला,
माशाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं.
काही न बोलता बादली त्याने घेतली
आणि झऱ्याकडे माझ्यापुढे चालू लागला.