सहा मिनिटं

आमच्याकडे वेळ सहा-सहा मिनिटांनी कापतात.
एक पत्र लिहिलं: एक युनिट.
फोन आला, कोणी हुंदके दिले, फोन ठेवला: तेही एकच.
मी ग्लेनिस ॲस्क्यू. ग्रिम्सबीच्या गोदीमागे
माशांच्या वखारीच्या वरच्या मजल्यावर
सरकारी खर्चाने चालणाऱ्या वकिलीची
बिलं लिहिते. एकोणतीस वर्षं झाली.

दर तिमाहीला लंडनहून अहवाल येतो.
जेवणाच्या सुट्टीत वाचते, त्यावरचे पावाचे कण झटकत.
या वेळी नवव्या पानावर
निळी रेघ धक्क्याच्या उतारासारखी पाण्यात गेलीय.
खाली लिहिलंय: घरांच्या दाव्यांतली मदत घटली.
खर्चही घटला.
घटलं.
घडलं नाही, घटलं.
एका अक्षराचा फरक, आणि त्या अक्षरात
आमचा अख्खा जिना मावतो.

त्या जिन्याने केस्तुतिस आला होता, फेब्रुवारीत,
अंगाला हॅडकचा वास, बोटं गारठून मिटत नव्हती.
घरमालकाची नोटीस त्याने
मुलीच्या चित्रकलेच्या वहीत ठेवली होती,
चुरगळू नये म्हणून.
थर्लोसाहेबांनी ती दोनदा वाचली.
मग मी त्याच्या पगाराच्या पावत्या मांडल्या.
मर्यादेच्या वर गेला. अकरा पौंडांनी.
नाताळच्या आठवड्यात जादा पाळी केली होती म्हणे,
सायकल घ्यायला.

त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवले,
एक दहाची नोट आणि एक नाणं.
"हे परत घ्या," म्हणाला,
जणू जास्तीचे आम्हीच दिले होते.

तो नवव्या पानावर नाही.
अर्ज नाकारला असता तर दुसऱ्या तक्त्यात आला असता;
त्याचा अर्जच झाला नाही.
थर्लोसाहेब त्याच्याशी चाळीस मिनिटं बोलले,
म्हणजे सात युनिटं, शेवटचं उदार मनाने.
त्यांना रकाना नाही.

खोटं कशाला बोलू, अहवाल खोटा नाही.
बेरीज मी तीनदा ताळून पाहिली. चोख आहे.
फक्त हंबरच्या पलीकडची ओकेरेकेबाईंची फर्म
गेल्या शरदात बंद झाली,
तिथे आता नखं रंगवून मिळतात.
तिच्या दारात रांग लावणाऱ्यांची भांडणं
त्याच दिवशी मिटली असतील का?
दवाखान्याला कुलूप घातलं की आजारीही घटतात,
रजिस्टरात.

आणि दर? दर तोच,
माझा कॉलिन शाळेत जायला लागला त्या वर्षीचा.
आता त्याची मुलगी जाते.
साहेबांच्या कोटाचं अस्तर मी दोनदा शिवलंय.

कोठडीतल्यांची रेघ मात्र चढती, चौदाव्या पानावर, लाल.
पहाटे तीनला चौकीतून फोन येतो,
साहेब पायजम्यावरच पँट चढवून निघतात.
रक्कम ठरलेली,
पोरगं दोन शब्द बोलो की उजाडेपर्यंत.

माझ्या खणात एक वही आहे.
पेन्सिलीने लिहिते, कारण मलाच खात्री नसते.
जिन्यावरून परत गेलेले त्यात:
तारीख, ऐकू आलं तसं नाव, किती पौंडांनी.
मागच्या तिमाहीत एकेचाळीस.
या वेळी त्रेसष्ट.
बघा, रेघ मलाही काढता येते.
कुणाला पाठवायची ते कळत नाही.

एप्रिलमध्ये धक्क्यावर ती सायकल दिसली.
हँडलला दोन पिशव्या, मागे
गुंडाळून बांधलेली गादी.
केस्तुतिस ढकलत होता, मुलगी पुढे चालत होती,
वही छातीशी धरून.
मी हात केला.
त्याने ओळखलं की नाही, सांगता येत नाही.
उभी राहिले असेन मी तिथे सहा मिनिटं.
जरा कमीच.