दरसुनावणी, हायस्कूलच्या जिममध्ये

खुर्च्या मांडल्यात बास्केटबॉलच्या रिंगखाली,
फ्री थ्रोच्या रेषेवर वॉशिंग्टनचं टेबल,
त्यावर प्लास्टिकचा जग, आत दोन बोटं पाणी.
मी डाव्या कोपऱ्यात, यंत्र गुडघ्यांशी ओढून.
जे बोललं जाईल ते उतरवायचं, एवढंच काम.
पैसे पानावर मिळतात.
गप्प बसण्याला माझ्या यंत्रात कळ नाही.

इंग्रिड ट्वेट उभी राहते, दर-विश्लेषक.
डेन्व्हरहून रात्रभर गाडी हाकत आलीय,
बुटांवर अजून रस्त्यावरचं मीठ आहे.
प्रस्ताव असा, ती सांगते, किलोवॉट-तासाला
एकतीस मिलऐवजी साडेअडतीस.
मिल म्हणजे गिरणी नव्हे, डॉलरचा हजारावा भाग.
असं नाणं कुणी पाहिलेलं नाही,
तरी टिंबर फोर्कच्या खोऱ्यात सत्तर वर्षं
माणसं त्याच नाण्यावरून भांडतात.

मग ती धरणाचं कर्ज उलगडते.
कालवे खणले तेव्हाच ठरलं होतं,
शेतकऱ्याने फेडायचं, झेपेल तेवढं.
किती झेपेल त्यालाही सूत्र आहे:
बीट, अल्फाल्फा, डिझेल, घरातली तोंडं,
सगळं वजा जाता उरतं ती त्याची ऐपत.
आणि ऐपतीपलीकडचं?
ते वीज फेडते.
म्हणजे सहकारी वीजसंस्थेचे सभासद,
म्हणजे गावातली ती शिंपीण,
जिच्या दारावरून कधी कालवा गेला नाही.
त्यात तीन वर्षं जलाशय अर्धा,
टर्बाइन उपाशी,
कमी पडलेली वीज बाजारातून आणली,
बाजाराने तहान बघून भाव लावला.

डेलमार हुफनागेल टोपी काढतो, पुन्हा घालतो.
म्हणतो, तुमच्या हिशेबात कुठंतरी पाणी मुरतंय.
ती खरंच पान उघडते:
कालव्यांची गळती, बावीस टक्के.
मी टिपते: हशा.
तो हसत नाही. बसतो.

वर स्कोअरबोर्ड उगाच पेटलेला,
यजमान शून्य, पाहुणे शून्य.
बटण सापडत नाही म्हणे शिपायाला.

शेवटी मागच्या रांगेतून लेनोरा ग्रेबुल.
कागद आणलेला नाही तिनं.
विचारते, खर्च तुम्ही वाटून घेतलाय ना,
इतका सिंचनाचा, इतका विजेचा, इतका पुराचा,
मग आमच्या आजोळची थडगी कुठल्या रकान्यात?
आणि ती एक नाव घेते,
आता ऐंशी फूट पाण्याखाली असलेल्या गावाचं.

इंग्रिडची बोटं पानांवरून धावतात.
एकशे बारा. जमीन व हक्क.
ते, ती हळू म्हणते,
ते सत्त्याऐंशी साली फिटलंय.
कुणाचं, लेनोरा विचारते.

इथे बराच वेळ गेला.
माझ्या नोंदीत
प्रश्नाच्या खाली लगेच पुढचा वक्ता आहे.

रात्री स्वयंपाकघरात मी कच्चं पक्कं करते.
माझं यंत्र शब्द नाही, आवाज लिहितं,
शब्द नंतर संगणक शोधून देतो.
त्या नावापाशी तो अडला.
एकदा म्हणाला ‘ओट’,
एकदा कुठल्याशा औषधाचं नाव,
मग लाल रेघ ओढून मोकळा झाला.
कागद तर सोमवारी डेन्व्हरला जायचे,
तिथे फाइलवर फाइल चढणार,
आणि दर बहुधा साडेअडतीसच होणार.
ते मला ठाऊक होतं, तिलाही असावं.

मी फोन लावला.
माफ करा, म्हटलं, उशीर झालाय,
त्या गावाच्या नावाची अक्षरं सांगाल का?
पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज.
अक्षरं राहू दे, ती म्हणाली,
आधी म्हणून दाखव.

मी म्हटलं.
नाही, ती म्हणाली, मधे श्वास घे.
पुन्हा.