हेही पाहा : बटरवर्थ

रॉचडेलच्या ग्रंथालयात, तळघरातल्या टेबलाशी
मी जुन्या वर्तमानपत्रांची सूची करते.
सन बेचाळीस, पेटी सातवी.
या गावात दगड भिरकावला तर बटरवर्थलाच लागतो,
आमच्या हडपसरात जसा तुप्याला.
मी माहेरची तुपे, म्हणून पहिल्याच दिवशी हसू आलं:
लोण्याच्या मोलाची ही माणसं,
आणि लोणी आठवड्याला माणशी
दोन औंस.

आल्डरमन एफ्राइम बटरवर्थ, अन्नसमितीचे अध्यक्ष.
कॉलर कडक, बोलणं मोजून.
यांनीच रविवारच्या बसगाड्या बंद केल्या
आणि कब्रस्तानाच्या कडेपर्यंत बटाटे लावायला सांगितले.

विल्फ बटरवर्थ, गोलकीपर.
आठवडाभर गिरणीत टायरचं कापड,
शनिवारी दुपारी जाळ्यापुढे.
दोघांचं नातं काही नाही. म्हणजे असेलही,
सात पिढ्यांमागे एखादा बांध, एखादी मेंढी, एखादं भांडण.

गोलामागून लोक ओरडत,
"बस कुठाय रे, बटरवर्थ?"
सालं फेकत बटाट्याची.
बटाटा नव्हे; बटाटा कोण फेकणार.

नोव्हेंबरात त्याने पाच गोल खाल्ले
आणि सोमवारी एका वाचकाचं पत्र छापून आलं:
बटरवर्थ यांनी तात्काळ राजीनामा द्यावा.
आल्डरमननी लेखी खुलासा केला,
"मी एकही गोल खाल्लेला नाही."
हे विनोदी आहे हे त्यांना ठाऊक होतं का,
नोंद नाही.

मी कार्डं लिहिली, नीट अक्षरात.
राजकारण: बटरवर्थ, ए. हेही पाहा: रेशन.
खेळ: बटरवर्थ, डब्ल्यू. हेही पाहा: राजकारण.

मग कुणीतरी आणून दिलेली एक कॅसेट ऐकली.
म्हातारीचा आवाज, तेव्हा आठ वर्षांची.
गल्लीत बटरवर्थांची सहा दारं.
तारवाल्या पोराने सायकल भिंतीला टेकवली,
एक्केचाळीसऐवजी चौदाची कडी वाजवली.
तारेत एच. बटरवर्थ.
चौदातला ह्यूबर्ट, एक्केचाळिसातला होरेस,
दोघेही समुद्रावर.

फ्लॉरीने उभ्यानेच वाचलं.
जहाजाचं नाव वेगळं आहे, हे तिला
दुसऱ्यांदा वाचताना दिसलं.
मधे किती वेळ गेला, म्हातारी सांगत नाही.
टेपवर चमचा कपाला लागल्याचा आवाज येतो.
मग म्हणते, आईने देवाचे आभार मानले, मोठ्याने,
आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

चिमूटभर पिठाची खळ करून तिने लिफाफा पुन्हा चिकटवला.
मग तो तसाच फाडला. म्हणाली, हे खोटं होईल.
शाल घेतली, रस्ता ओलांडून एक्केचाळिसात गेली,
रात्री परत आलीच नाही.

होरेस हा विल्फचा धाकटा भाऊ.
पुढच्या शनिवारी कुणी बसचं नाव काढलं नाही.
आल्डरमन तिकीट काढून आले,
गोलामागे उभे राहिले, हॅट हातात,
थंडीने कान लाल.
विल्फने चार गोल खाल्ले.
दुसऱ्या दिवशीच्या अंकात फक्त आकडा आहे.

फ्लॉरीचं कार्ड अजून माझ्या खणात पडलंय.
कुठल्या अक्षराखाली ते ठाऊक आहे,
कुठल्या विषयाखाली, ते नाही.

काल रात्री दादांचा फोन:
"पोस्टमन पुन्हा दुसऱ्याच तुप्यांचं पाकीट टाकून गेला बघ,
रजिस्टर्ड आहे, कसलं काय माहीत."
ते हसत होते.
मी विचारलं,
"उघडलं नाहीत ना?"